कारखानदारांच्या दारीं महाविद्यालय

सिनसिनाटी हें अमेरिकेंतील ओहायो नदीच्या कांठचें शहर. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याची ख्याति यंत्रें घडविणाऱ्या यंत्रांसाठीं होती. लेथ, मिलिंग यंत्र, लोखंडाला भोंकें पाडण्याचें यंत्र, अशीं जीं यंत्रें इतर कारखान्यांना लागतात तीं येथें तयार होत. तीं तयार करणाऱ्या कारखानदारांना मात्र एक चिंता सदैव असे. लोखंड मिळे, गिऱ्हाईक मिळे. पण हाताला काम आणि डोक्याला गणित, दोन्ही येणारा माणूस मिळत नसे. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला सूत्रें पाठ असत. परंतु ओतीव लोखंडाचा ठोकळा यंत्रावर कसा बांधावा, हें त्याला ठाऊक नसे. उलट, कारखान्यांत पंधरा वर्षें हात काळे केलेल्या कारागिराला तें सारें येई. पण चक्राचा दांता कां मोडला, याचें कारण सांगतां येत नसे. ही दरी बुजविण्याची एक युक्ति 1906 सालीं त्या शहरांत अमलांत आली आणि तिचा अर्धा भार कारखानदारांनीं उचलला. त्या अर्ध्या भाराची ही हकीकत आहे.

युक्ति काढणाऱ्याचें नांव हर्मन श्नायडर. त्याचा जन्म 1872 सालचा, पेन्सिल्व्हानियांतील कोळशाच्या मुलखांतला. पोरवयांत खाणीवर काम केलेला हा मुलगा पुढें लीहाय विद्यापीठांत गेला आणि वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींत काम करीत करीत 1894 सालीं पदवीधर झाला. कांहीं वर्षांनीं त्याच विद्यापीठांत तो शिकवूं लागला. तेव्हां एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. पुढें नांवारूपास आलेल्या पदवीधरांपैकीं बहुतेकांनीं विद्यार्थिदशेंतच कोठें ना कोठें पोटासाठीं काम केलें होतें. एका संध्याकाळीं विद्यापीठाच्या आवारांत तो फिरत असतां शेजारच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीचा लोळ आकाशांत उसळला आणि त्याला वाटलें, आपली प्रयोगशाळा तर कुंपणापलीकडे तयारच आहे! ही आख्यायिका असेल. तींतला हिशेब मात्र पक्का होता. महाविद्यालयानें मोठ्या खर्चानें यंत्रें विकत घ्यावीं, थोड्याच वर्षांत तीं जुनीं व्हावीं, आणि शेजारच्या कारखान्यांत नवीं यंत्रें रोज चालत असावीं, यांत शहाणपण कसलें?

1903 सालीं श्नायडर सिनसिनाटी विद्यापीठांत आला. हें विद्यापीठ नगराच्या मालकीचें होतें. त्यामुळें नगरांतील उद्योगधंद्यांशीं त्याचें नातें जवळचें. तरीही आपली कल्पना पटविण्यांत त्याचीं जवळजवळ तीन वर्षें गेलीं. प्राध्यापकांना ती विद्येची विटंबना वाटे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स डॅबनी यांनीं त्याची बाजू घेतली, तेव्हां कुठें नियामक मंडळानें एक वर्षापुरती परवानगी दिली, आणि प्रयोग फसल्यास त्याची जबाबदारी आपणांवर नाहीं असेंही त्याच ठरावांत बजावलें. अपयशाचें खापर आधींच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून दिलेली अशी संमति विद्यापीठांच्या दप्तरांतही क्वचितच सांपडेल.

कारखानदारांकडे जातांना श्नायडरनें देणगीची झोळी नेली नाहीं. त्यानें त्यांच्याकडे इमारत मागितली नाहीं, कीं शिष्यवृत्तीही मागितली नाहीं. त्यानें मागितली कारखान्यांतील एक जागा. आणि त्या जागेवर उभा राहणारा मुलगा जें काम करील त्याचें रोख वेतन. सिनसिनाटी मिलिंग मशीन कंपनीचे फ्रेडरिक गायर हे या योजनेच्या पहिल्या पुरस्कर्त्यांपैकीं एक होते. ज्याला स्वतःला कुशल माणसांचा तुटवडा जाणवत होता, अशा व्यापारी माणसाला हा सौदा समजावयास वेळ लागला नाहीं.

1906 च्या सप्टेंबरांत 27 विद्यार्थ्यांनिशीं प्रयोग सुरू झाला. रचना साधी होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावलेल्या. जोडींतील एक जण आठवडाभर कारखान्यांत काम करी, त्या वेळीं दुसरा महाविद्यालयांत शिके. पुढच्या आठवड्यांत दोघांची अदलाबदल. शनिवारीं दुपारीं महाविद्यालयांतला विद्यार्थी कारखान्यांत जाऊन आपल्या जोडीदाराला गांठी, काम कोठवर आलें तें पाहून घेई, आणि सोमवारीं सकाळीं तेथूनच पुढें हातीं घेई. म्हणजे कारखानदाराच्या दृष्टीनें यंत्र एक दिवसही रिकामें राहत नसे. त्याच्या वहींत तो एक कामगार होता. विद्यापीठाच्या वहींत मात्र दोन विद्यार्थी. चार वर्षांचा अभ्यासक्रम यामुळें सहा वर्षांवर गेला; पण जें घरून पैसा आणूं शकत नव्हते, अशांना हीं सहा वर्षें परवडणारीं होतीं.

एवढ्यानें भागलें असतें तर योजना फार सोपी होती. खरी कसोटी पुढेंच होती. करार असा कीं, विद्यार्थ्यानें एकाच यंत्रापाशीं खिळून राहावयाचें नाहीं. ओतशाळेपासून आरंभ करून तो यंत्रशाळेंत जाईल, तेथून जुळणीच्या खात्यांत, मग तपासणीकडे, शेवटीं नकाशे काढण्याच्या खोलींत व विक्रीच्या कचेरींतही. आतां मुकादमाच्या जागीं उभें राहून हा करार पाहावा. भोंकें पाडण्याच्या यंत्रावर एक पोरगा आला. पहिले तीन आठवडे त्यानें लोखंड वायां घालविलें, पाती मोडलीं. हळूहळू त्याचा हात बसला. आतां कोठें त्याच्याकडून कारखान्याला दोन पैसे सुटूं लागणार, तोंच त्याला पुढच्या खात्यांत पाठवावयाचें आणि त्याच्या जागीं पुन्हा नवखा घ्यावयाचा! कोणता मुकादम हें आनंदानें करील? आणि त्यानें तसें केलें नाहीं तर तो विद्यार्थी शिक्षण घेत नसून स्वस्तांत मिळालेला मजूर होतो. हे मालकांना स्वस्त हात पुरविण्याचे धंदे आहेत, अशी शंका कामगारांना आली असेल तर ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं.

या अडचणीवर श्नायडरनें एक नवीन जातीचा शिक्षक निर्माण केला. त्याला समन्वयक असें नांव होतें. कारखान्यांतील कामाची माहिती असलेला हा पदवीधर सकाळीं विद्यापीठांत असे व दुपारीं कारखान्यांतून हिंडे. कोणता विद्यार्थी काय करीत आहे, तें तो डोळ्यांनीं पाही. आणि तो विद्यार्थी आठवडा पालटून वर्गांत आला म्हणजे त्याच कामावर प्रश्न विचारी. हें पोलाद कोणत्या जातीचें? ही गति कां ठेवली? वंगण न घातल्यास काय होईल? कारखान्यांतील वेळ वायां जातो आहे असें दिसल्यास मालकाकडे जाऊन करारावर बोट ठेवण्याचें कामही त्याचेंच. तथापि, समन्वयक मुकादमाला हुकूम देऊं शकत नव्हता. तो हुकूम मालकाच्याच तोंडून निघावा लागे. जेथें मालकानें खालच्या माणसांना योजनेचा अर्थ सांगितला तेथें ती चालली. जेथें त्यानें नुसती सही करून कागद कचेरींत ठेवून दिला तेथें मुलगा पहिल्याच यंत्रापाशीं अडकून राहण्याचा धोका होता.

मालकाला यांतून काय मिळे? एखाद्या माणसाला कायमचें ठेवून घेण्यापूर्वी त्याला पांचसहा वर्षें उन्हाळ्याहिवाळ्यांत, घाईंत आणि निवांतपणीं पाहतां येई. एका तासाच्या मुलाखतींत जें कळत नाहीं तें यांत कळे. शिवाय, पदवी घेऊन नकाशाच्या टेबलाशीं बसलेल्या या माणसाला, आपण कागदावर ओढलेली रेघ खालीं ओतशाळेंत कोणाच्या पाठीवर बसते, याची आठवण असे.

कल्पना पसरली. 1908 मध्यें मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग येथें ती माध्यमिक शाळेंतील मुलांसाठीं योजली गेली. 1909 मध्यें बोस्टनला पुढें नॉर्थईस्टर्न विद्यापीठ झालेल्या संस्थेनें ती स्वीकारली. 1917 मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेनें जनरल इलेक्ट्रिक कंपनीशीं असाच संबंध जोडला. 1921 मध्यें अँटिऑक महाविद्यालयानें ती अभियांत्रिकीबाहेर, सर्वसाधारण विद्याशाखांत नेली. कारखाने दूरदूरच्या गांवांतले येऊं लागले, तशी आठवड्याची पाळी आखूड पडूं लागली आणि ती लांबवावी लागली.

मग 1929 ची मंदी आली. श्नायडर त्याच वर्षीं विद्यापीठाचा अध्यक्ष झाला होता. ज्या कारखान्यांतून बायकामुलांच्या माणसांना घरीं पाठविलें जात होतें, तेथें विद्यार्थ्यासाठीं जागा मागणार कोणत्या तोंडानें? मालकांची इच्छा असली तरी कामच नव्हतें. ही पद्धति धंद्याच्या नाडीशीं किती घट्ट बांधलेली आहे, हें त्या वर्षांत उघडें पडलें. महाविद्यालयाच्या भिंती मंदींत उभ्या राहतात, पण ही प्रयोगशाळा कारखान्याबरोबरच बंद पडते. 1932 सालीं श्नायडर अध्यक्षपदावरून उतरला, व 1939 सालीं वारला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या योजनेनें सर्वांत मोठें रूप घेतलें तें कॅनडांत, आणि तेथें पुढाकार घेणाऱ्यांत एक कारखानदारच होता. बी. एफ. गुडरिच या रबरी धंद्यांतील कंपनीच्या कॅनडांतील शाखेचे अध्यक्ष आयरा नीडल्स यांनीं 1956 च्या ऑगस्टांत स्थानिक रोटरी मंडळापुढें वॉटर्लू येथील योजना मांडली. 1957 च्या उन्हाळ्यांत 74 विद्यार्थी तात्पुरत्या इमारतींत शिकूं लागले. सिनसिनाटींत एक प्राध्यापक कारखानदारांचीं दारें ठोठावीत हिंडला होता. वॉटर्लूला त्यांच्यांतलाच एक जण आपल्या बरोबरीच्या मंडळींशीं त्यांच्याच भाषेंत बोलला. पन्नास वर्षांत पडलेला फरक तो हाच.

वॉटर्लूला चार महिन्यांच्या पाळ्या रूढ झाल्या. पाळी संपली कीं मालक विद्यार्थ्याच्या कामाविषयीं आपलें लेखी मत विद्यापीठाकडे धाडतो. विद्यार्थीही मालकाविषयीं आपलें मत नोंदवितो. श्नायडरच्या वेळीं ही दुसरी नोंद बहुधा शनिवारीं दुपारीं, यंत्राजवळ, एका जोडीदारानें दुसऱ्याच्या कानांत सांगून होत असावी.