एस्पेरान्तो वर्णमाला

एस्पेरान्तो वर्णमाला : वॉर्सा येथील नेत्रवैद्य डॉ. लुडविक झामेनहॉफ (१८५९–१९१७) यांनी १८८७ साली 'डॉक्टर एस्पेरान्तो' या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेची लेखनव्यवस्था. तीत २८ अक्षरे असून प्रत्येक अक्षराला एकच ध्वनी व प्रत्येक ध्वनीला एकच अक्षर असा दंडक आहे.

नवी लिपी घडविण्याच्या भरीस न पडता झामेनहॉफ यांनी रोमन लिपी पत्करली. तिच्यातील क्यू, डब्ल्यू, एक्स व वाय ही अक्षरे वगळली, आणि स्वतंत्र चिन्हाविना राहिलेल्या ध्वनींसाठी पाच व्यंजनांवर टोपीसारखी खूण व 'यू'वर अर्धचंद्र चढविला. 'चोर' आणि 'चार' यांतील दोन भिन्न चकार मराठी एकाच अक्षरावर भागविते. एस्पेरान्तोत पहिल्यास साधा 'सी' व दुसऱ्यास टोपीचा, अशी वाटणी असून ती आपल्याहून चोख आहे, हे मान्य करावयास हरकत नसावी.

अडचण उद्भवली ती छापखान्यात. फ्रेंच मुद्रकाजवळ अशी खूण असे ती स्वरांवरची. व्यंजनांवर ती मिरविणारे खिळे सामान्य छापखान्यात नसत. सबब सर्व राष्ट्रांना सुलभ व्हावयाची भाषा छापण्यासाठीच खास खिळे मिळवावे लागत. टोपीऐवजी अक्षरापुढे 'एच' लिहिण्याची मुभा झामेनहॉफ यांनी दिली होती खरी. परंतु विमानतळ या अर्थाच्या 'फ्लुगहावेनो' या सामासिक शब्दात 'जी' व 'एच' सांध्यावर आपसूकच शेजारी येतात, आणि तेथे 'ग' व 'ह' वाचावयाचे की 'ज', असा संभ्रम पडतो.

१८९४ साली टोपीची अक्षरे काढून टाकणारा सुधारणांचा मसुदा त्यांनी स्वतःच अनुयायांपुढे मतास टाकला, तो बहुमताने नामंजूर झाला. पुढे १९०५ च्या बूलॉन्य येथील परिषदेने 'फुंदामेन्तो' हा ग्रंथ भाषेचा अपरिवर्तनीय आधार ठरविल्यामुळे फेरफाराची वाटच खुंटली. १९०७ च्या सुमारास पुढे आलेल्या इदो भाषेने टोप्या उतरवून रोमन लिपीची सव्वीसही अक्षरे स्वीकारली. मुद्रकाच्या दृष्टीने ही सुधारणा वाजवीच होती. पण तोवर एस्पेरान्तोचा वाचकवर्ग जुन्या अक्षरांना सरावला होता, आणि त्यातील बहुसंख्य तिकडे गेले नाहीत.

संगणकावर टोपीऐवजी 'एक्स' लिहिण्याचा प्रघात नंतर पडला. ते अक्षर वर्णमालेतच नसल्याने येथे 'एच'सारखा घोटाळा होत नाही. मात्र 'फुंदामेन्तो'त त्यास आधार नाही. युनिकोडमध्ये आता ही सहाही अक्षरे दाखल आहेत.