चुकलेल्या सिद्धान्ताची कमाई

प्रथिन ओळखणाऱ्या कृत्रिम साच्यांचं मूळ एका चुकीच्या सिद्धान्तात आहे. प्रतिपिंड परक्या रेणूभोवती घडी घालून त्याचा आकार घेतात, असं लायनस पॉलिंग यांनी १९४० साली मांडलं. शरीरात तसं घडत नाही. पण त्याच कल्पनेवरून फ्रँक डिकी यांनी १९४९ साली सिलिका जेलमध्ये मिथिल ऑरेंजसारख्या रंगांचे ठसे उठवले, आणि ज्याचा ठसा तोच रंग जेलने अधिक शोषला. सिलिकात असाच परिणाम आधी पाहणारे रसायनशास्त्रज्ञ पोल्याकोव्ह यांचं काम तर १९३१चं, मग श्रेय पॉलिंगना का? आक्षेप रास्त आहे. मात्र पोल्याकोव्ह यांच्यापाशी निरीक्षण होतं, प्रतिपिंडाशी बरोबरी करण्याची ईर्षा नव्हती. ती पुढे पॉलिमरमध्ये उतरली, जर्मनीत वुल्फ आणि स्वीडनमध्ये मोसबाख यांच्या हातून. आजच्या उष्मासंवेदकात पॉलिमरच्या नॅनोकणावरील ठशात प्रथिन बसलं, की पृष्ठभागातून वाहणाऱ्या उष्णतेला होणारा विरोध वाढतो. मोजायचा तो एवढाच.