वादकांविना वाद्यवृंद

आपल्याकडे मैफलीत गाणारा कलावंत गाता गाताच रचना फुलवत नेतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र संगीतकार स्वर कागदावर लिहितो आणि ते वाजवतात दुसरेच. मग लिहिलेले फार अवघड असेल, किंवा सरावाला वेळ नसेल तर?

अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा (१९४०-१९९३) याला ही अडचण सतत जाणवत असे. रॉक संगीताचा ठरीव साचा मोडून त्यात विषम, वरचेवर बदलणारे ताल आणि गुंतागुंतीची स्वररचना आणणाऱ्यांत तो आघाडीवर होता. १९८३ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून आपल्या रचना ध्वनिमुद्रित करून घेतल्या. सरावाला मोजकाच वेळ मिळाला आणि त्याचे समाधान झाले नाही.

तोवर दुसरा मार्ग तयार होत होता. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांच्या आज्ञावलीने संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली होती. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात 'सिंक्लाव्हियर' या संगणकीय वाद्याची सुरुवात झाली. त्याच्या मोठ्या संचाची किंमत काही लाख डॉलर होती. झापाने ते लॉस एंजेलिसमधील आपल्या घरच्या ध्वनिमुद्रणशाळेत आणले.

हे यंत्र काम कसे करते? ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हा दाब ठरावीक अंतराने मोजून ते आकडे साठवले, की ध्वनीची आकड्यांत नोंद होते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कोणतीही कंपने अचूक टिपायची तर त्यांच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप करावे लागते. म्हणूनच कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवली गेली. सिंक्लाव्हियरमध्ये खऱ्या वाद्यांचे आवाज असे साठवता येत. मग कोणता स्वर, केव्हा, किती वेळ आणि किती जोराने वाजावा, एवढे सांगितले की यंत्र न चुकता तसे वाजवी.

झापाचा 'जॅझ फ्रॉम हेल' हा संग्रह १९८६ मध्ये निघाला. त्यातील एका गिटारवादनाचा अपवाद सोडता सर्व रचना सिंक्लाव्हियरवर केलेल्या होत्या. १९८८ मध्ये या संग्रहाला रॉक वाद्यसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

खरी गंमत पुढेच आहे. या संग्रहातील तुफान वेगाची एक रचना माणसांना वाजवता येणारच नाही, असे झापाला वाटत होते. पण ती स्वरलिपीत उतरवण्यात आली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रँकफुर्टला 'एन्सेम्बल मॉडर्न' या जर्मन वाद्यवृंदाने ती प्रत्यक्ष वाजवून दाखवली! झापा तेव्हा कर्करोगाने आजारी होता. पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाले.

माणसाच्या मर्यादेवर उपाय म्हणून यंत्र आणले. त्याच यंत्राने माणसापुढे नवे आव्हान ठेवले आणि माणसाने ते पेलले. आज असे काम साध्या घरगुती संगणकावरही होते. शाळेत एखाद्या मुलाचा 'सा' ध्वनिमुद्रित करून पडद्यावर मोठा करून पाहावा. लाटांची ओळ दिसेल. आणखी मोठी केली की एकेक मोजमापाचे ठिपके दिसू लागतील. ध्वनीचा धडा तिथूनच सुरू करता येईल.