रावस: सॅल्मन नसलेला सॅल्मन

मंडळी, मेनूकार्डावर 'इंडियन सॅल्मन' दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो आपला रावसच असतो! सॅल्मनशी त्याचं काडीचंही नातं नाही. परमुलखात चवीला ओळखीचं काही सापडलं की इंग्रज त्याला घरचंच नाव देऊन टाकत.

पॅसिफिकमधला खरा सॅल्मन थंड नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, पुन्हा त्याच नदीत येऊन अंडी घालतो आणि मरतो. त्यामुळे अलास्कात नदीवर बसून मासे मोजता येतात. वर पुरेसे गेले की मग उरलेले पकडायचे. साधा, रोखठोक हिशोब.

रावसाचा हिशोब असा मांडता येत नाही. तो किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यातला. छातीच्या परांखाली चार मोकळे तंतू असतात, त्यांनी चिखल चाचपतो. म्हणूनच १८०४ साली जॉर्ज शॉने त्याला 'टेट्राडॅक्टिलम', म्हणजे चार बोटांचा, असं नाव दिलं. पिल्लं खाड्यांच्या मुखाशी वाढतात. (आता आम्ही डोंबिवलीकरांनी खाडीबद्दल काय बोलावं? उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंड ठोठावला होता, एवढंच सांगतो.)

पण खरी गंमत पुढे आहे. रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो! ऑस्ट्रेलियात त्याचा हा प्रवास नीट अभ्यासला गेलाय. आपल्याकडेही करंदीकर आणि पालेकर यांनी १९५० साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात रावसाच्या अंडाशयावर लिहिलं होतं. म्हणजे बाजारातला तो भलामोठा, ऐटदार रावस बहुतेक वेळा बाईच. मोठे मासे वेचून पकडले, की माद्याच वेचल्या जातात.

आपल्या समुद्रात यंत्र आलं ते आधी चाचणी म्हणून. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' हा वाफेवरचा ट्रॉलर चालवून पाहिला, धंदा काही जमला नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र दोन बोटींमध्ये एक जाळं ओढणारे बुल ट्रॉलर आले आणि घोळ, वाम, दाढा भरभरून निघू लागले. दाढा हा रावसाचाच थोरला भाऊबंद. आज तो बाजारात किती दिसतो, हे आपल्या कोळणीलाच विचारा.

कायदे नाहीत असं नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक बोटींची बंदी आहे, आणि २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटसारख्याला ती उपयोगी. पण किमान लांबीने लहान मासे वाचतात, आणि रावसाच्या बाबतीत लहान म्हणजे नर! मोठ्या माद्यांसाठी कमाल लांबीही हवी, असं माझं मत. ते अवघड आहे खरं. जाळ्यात आलेला मोठा रावस सोडून द्या, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? भाव तर त्यालाच. आणि आपणही तुकडी घेताना विचारतो तेच, "मोठ्या माशाची आहे ना?"