मेल्टची कुळकथा

मेल्ट हा व्हिडिओ संकलनाचा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे, पण त्यात कात्रीचे बटण नाही आणि माऊसने ओढायची टाइमलाइनही नाही. कोणती फाइल, कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत, पुढच्या फाइलशी जोड कसा, हे कमांडच्या ओळीत टाइप करायचे; मेल्ट ते संकलन लगेच चालवून दाखवतो किंवा नव्या फाइलमध्ये उतरवतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही लोकप्रिय संकलन सॉफ्टवेअर ज्या एमएलटी फ्रेमवर्कवर उभी आहेत, त्याचाच हा भाग. लिनक्सच्या जगात वाढलेल्या या साधनाचे कूळ मात्र हैदराबादच्या टीव्ही व्यवसायाशी जाऊन मिळते.

एमएलटीच्या सुरुवातीच्या सोर्स फाइलींच्या माथ्यावर 2003-2004 ही साले आहेत आणि कॉपीराइटधारक म्हणून उषोदया एंटरप्रायझेस लिमिटेड हे नाव आहे. ही रामोजी राव यांच्या समूहातली कंपनी. ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक आणि ईटीव्हीच्या वाहिन्या याच समूहाच्या. 2000 साली सुरू झालेली ईटीव्ही मराठीही तेव्हा त्यांतलीच होती. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिला तो चार्ल्स येट्स आणि डॅन डेनेडी यांनी. लिनक्सवर डीव्ही कॅमेऱ्याचे चित्रण संकलित करणाऱ्या ‘किनो’ या सॉफ्टवेअरवर दोघांनीही काम केले होते.

वाहिनीच्या प्रक्षेपण कक्षाची गरज संकलकाच्या गरजेहून निराळी असते. तिथे एकामागून एक क्लिप सुटत राहाव्या लागतात आणि मध्ये एक फ्रेमसुद्धा काळी पडून चालत नाही. क्रम आधीच ठरलेला असतो, त्यामुळे दर क्लिपला माणसाने बटण दाबण्यात अर्थ नाही. वेळापत्रक सांभाळणाऱ्या दुसऱ्या संगणकाने हुकूम द्यावा आणि सर्व्हरने तो पाळावा, हे उत्तम. एमएलटीसोबत आलेला ‘मिरॅकल’ हा सर्व्हर नेमका असाच होता. तो नेटवर्कच्या 5250 क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसे आणि क्लिप चढव, चालव, पुढची रांगेत लाव, असे हुकूम साध्या अक्षरांत घेई. ते माणसाने टाइप केले काय आणि प्रोग्रामने पाठवले काय, सर्व्हरला सारखेच. मेल्टचा स्क्रिप्टकडे असलेला ओढा इथून आला आहे. ही सोय मागाहून चिकटवलेली नाही.

एमएलटीची आतली रचनाही प्रक्षेपणाच्या शिस्तीची आहे. फ्रेम पुरवणारा तो प्रोड्यूसर, घेणारा तो कन्झ्युमर. मध्ये एका चित्रावर काम करणारे फिल्टर आणि दोन चित्रे मिसळणारी ट्रान्झिशन. या साखळीत प्रोड्यूसर फ्रेम पुढे ढकलत नाही, कन्झ्युमर त्या मागून घेतो. फ्रेमवर करायच्या क्रिया तिच्यासोबत नुसत्या नोंदल्या जातात आणि चित्र खरोखर मागितले गेले तरच पार पडतात. वेळ चुकू लागली, तर एखादी फ्रेम गाळून पुढे जाणे त्यामुळे स्वस्तात होते. शिवाय कन्झ्युमर बदलला की तेच संकलन पडद्यावर, प्रक्षेपणाच्या कार्डावर किंवा फाइलमध्ये जाते. बाकीच्या साखळीला हात लावावा लागत नाही. एमएलटीतली सर्वांत देखणी कल्पना हीच.

त्या काळचा डीव्ही फॉरमॅटही या कामाला सोयीचा होता. पाल या टीव्ही पद्धतीत डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोबर 1,44,000 बाइटची आणि स्वतंत्रपणे दाबलेली असते. हजारावी फ्रेम हवी असेल तर फाइलमध्ये कुठे उडी घ्यायची हे एका गुणाकारात कळते आणि कोणत्याही फ्रेमवर काप घेता येतो.

एमएलटीच्या दस्तऐवजातले एक जुने उदाहरण असे आहे: मेल्ट ए.डीव्ही बी.डीव्ही -मिक्स 25 -मिक्सर लुमा. पहिली क्लिप, दुसरी क्लिप आणि त्यांच्यात 25 फ्रेमचा, म्हणजे पालच्या हिशेबाने एका सेकंदाचा मिलाफ. क्लिपा तेवढा वेळ एकमेकींवर चढतात, म्हणून एकूण लांबी सेकंदाने घटते. मिलाफ करणाऱ्या लुमा या ट्रान्झिशनला काही सांगितले नाही तर एक दृश्य दुसऱ्यात विरघळते. करड्या छटांची प्रतिमा दिली तर छटेवरून चित्राचा कोणता भाग आधी बदलायचा ते ठरते. क्लिपच्या नावापुढे आरंभाची आणि अखेरीची फ्रेम लिहिता येते. मोजणी शून्यापासून होते आणि दोन्ही टोके धरली जातात, त्यामुळे 0 ते 24 म्हणजे 25 फ्रेम. नवशिक्याचा हिशेब बहुधा इथेच एका फ्रेमने चुकतो.

मेल्ट हे नाव मात्र नंतरचे. आधी या प्रोग्रामला ‘इनिगो’ म्हणत. मिरॅकलसोबतचा भाग ‘व्हॅलेरी’ होता आणि संकलन एक्सएमएलमध्ये लिहून ठेवणारा भाग ‘वेस्टली’. ही सगळी ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या चित्रपटातल्या पात्रांची नावे. पुढे इनिगोचे मेल्ट झाले, वेस्टलीला साधे एक्सएमएल म्हणू लागले आणि सर्व्हर ‘मेल्टेड’ या नावाने वेगळा निघाला.

एक्सएमएलच्या त्या भागाने एमएलटीला प्रक्षेपण कक्षाबाहेर आणले. एमएलटीची मूळ लायब्ररी एलजीपीएल परवान्याखाली असल्याने इतरांना तिच्यावर आपले सॉफ्टवेअर उभारणे सोपे गेले. ओपनशॉट सुरुवातीला तिच्यावरच चाले. फ्लोब्लेड आजही चालते. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल म्हणजे एमएलटीचे एक्सएमएल, म्हणजेच साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता येणारा मजकूर. एक नमुना नीट बसवला की त्यातले शीर्षक आणि क्लिपचे नाव पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने बदलून कितीही प्रती काढता येतात. गाव, वक्ता किंवा विजेत्याचे नाव एवढाच फरक असलेले शंभर व्हिडिओ हाताने करण्याचे कारण उरत नाही. केडेनलाइव्हमध्ये रेंडरचे बटण दाबले की पडद्याआड मेल्टच कामाला लागतो, आणि ते काम सर्व्हरवर रात्रभर चालवायचे असेल तर तीच फाइल खिडकीशिवाय थेट मेल्टच्या हाती देता येते.