ठेचलेल्या लसणीचे वलय

माळव्यातील आमच्या जुन्या घरात लसणीचे दोन उपचार पिढ्यान्पिढ्या चालत आले. डांग्या खोकला झालेल्या मुलाच्या गळ्यात अख्ख्या पाकळ्यांची माळ घालीत. आणि कान दुखू लागला की तेलात पाकळ्या लाल होईपर्यंत कडवून ते तेल कोमट झाल्यावर कानात सोडीत. दोन्हींवर घरच्यांची श्रद्धा सारखीच. लसणीचा जिवाणुनाशक गुण प्रयोगशाळेत कसा सापडला, हा इतिहास वाचताना या दोन्ही उपचारांची आठवण वारंवार येते.

लसणीची कीर्ती अर्थातच प्रयोगशाळेहून फार जुनी आहे. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बोअर या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरील एक संस्कृत पोथी आली. कलकत्त्यास डॉ. हर्न्ले यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. तिचा आरंभच लशुनकल्पाने होतो. ब्राह्मणाला लसूण वर्ज्य, मग औषध द्यावे कसे? पोथीकर्त्याने तोड काढली आहे : गाईला लसणीची पात चारावी आणि तिचे दूध त्याला पाजावे!

गुण मोजण्याची सोय मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली, आणि तीही एका स्वयंपाकघरातून. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेस्से यांना त्यांच्या पत्नी फानी यांनी जेली गोठविण्याचा अगर सुचविला. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो, तोच हा. १८८७ मध्ये पेट्री यांची झाकणाची काचबशी आली. अगरवर जिवाणू पसरावेत, मध्ये अर्क ठेवावा. अर्क प्रभावी असेल तर त्याच्याभोवती जिवाणूरहित स्वच्छ वलय उमटते. पेनिसिलिनच्या कामात ऑक्सफर्डला हीटली यांनी अर्क ठेवण्यासाठी लहान नळकांडी वापरली. तेथेच ऑस्बर्न यांनी सुमारे २३०० वनस्पती अशा रीतीने तपासल्या. तो अहवाल १९४३ चा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी लसणीतील प्रभावी द्रव्य वेगळे केले. चार किलो लसणीतून अवघे सहा ग्रॅम तेल मिळाले! त्या द्रव्याला त्यांनी ॲलिसिन हे नाव दिले. खरे नवल मात्र त्यानंतरचे. बाझेल येथे श्टोल आणि झेबेक यांनी दाखवून दिले की अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतेच. तिच्यात असते ते ॲलिइन, आणि त्यापासून वेगळ्या कप्प्यात राखलेले एक एन्झाइम. पाकळी ठेचली की दोन्हींची गाठ पडते आणि क्षणार्धात ॲलिसिन तयार होते. तो उग्र वासही तेव्हाचाच. उष्णतेने एन्झाइम निकामी होते. म्हणजे आमच्या घरची माळ न ठेचलेली, आणि कानातले तेल कडवलेले! ठेचा वाटणाऱ्या आमच्या बायकांनी औषधाची खरी कृती चटणीत केली आणि औषध म्हणून नेमकी ती टाळली, असे म्हणावे लागते.

येथेच अर्कांच्या सर्व चाचण्यांची मेख आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६८ मध्ये भारतीय वनस्पतींच्या चाळणीचा पहिला अहवाल दिला, तेव्हा अर्क पन्नास टक्के अल्कोहोलमध्ये काढले होते. शेकडो वनस्पतींची तुलना करायची तर एकच रीत हवी, हे खरे. पण आपल्या वैद्यकात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच वेगळ्या कृती मानल्या आहेत, त्या उगीच नव्हेत. एका अर्काचे वलय उमटले नाही म्हणून वनस्पतीस निर्गुण ठरविणे मला घाईचे वाटते.

उलट घाईही तितकीच वाईट. कच्ची लसूण खाल्ल्यावर रक्तात ॲलिसिन सापडत नाही. तेव्हा बशीतले वलय पोटातून जाऊन फुप्फुसात उमटेल, असे मानण्यास आधार नाही.

इंग्लंडमधील दहाव्या शतकाच्या एका वैद्यकग्रंथात डोळ्याच्या रांजणवाडीवर मलम सांगितले आहे : लसूण, तिच्याच कुळातील दुसरा कंद, मद्य आणि बैलाचे पित्त, हे पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवून गाळावे. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ते जसेच्या तसे केले, तर प्रतिजैविकांना न जुमानणारे स्टॅफिलोकोकस त्याने मेले. २०२० मध्ये अधिक उलगडा झाला. मोकळ्या जिवाणूंवरील परिणाम बव्हंशी ॲलिसिनचा होता. पण थर करून चिकटून बसलेल्या जिवाणूंवर एकट्या लसणीचे काही चालले नाही. तेथे पित्तासह सगळे मिश्रणच लागले.