शस्त्रक्रियागृहातील कामकरी

शस्त्रक्रियेचा इतिहास शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. ते योग्यच, पण ज्या कामाला दहा हात लागतात, त्याची हकीकत दोन हातांपुरती सांगितली म्हणजे ती अपुरी राहते. आमचा जन्म कामगार-संघटनेत गेला, म्हणून उरलेल्या आठ हातांची चौकशी करण्याची आम्हांस खोड आहे. इंग्लंडच्या इतिहासात तिचे उत्तर सापडते.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाचे १८२२ सालचे शस्त्रक्रियागृह आजही पाहावयास मिळते. ते एका चर्चच्या माळ्यावर आहे. मध्ये लाकडी मेज आणि भोवती विद्यार्थ्यांना उभे राहण्यासाठी चढत्या पायऱ्या. त्या काळी भूल नव्हती. मदतनिसाचे मोठे काम म्हणजे रोग्यास घट्ट धरून ठेवणे. बळकट दंड हीच त्याची पात्रता.

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टनने ईथरची भूल देऊन दाखविली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथर दिलेल्या रोग्याचा पाय कापला. पुढे १८६७ साली जोसेफ लिस्टरने आपली जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. आता दंडाचे काम संपले आणि डोळ्यांचे व डोक्याचे सुरू झाले. भुलीचे यंत्र तपासावयाचे, निर्जंतुक हत्यारे हाताशी ठेवावयाची, गॉझचे तुकडे मोजावयाचे, शुद्धीवर येणाऱ्या रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवावयाचे. काम असे जोखमीचे झाले, तरी करणारा बराच काळ सांगकाम्याच मानला गेला.

१९४५ साली तेथील तंत्रज्ञांनी आपली संघटना उभारली. १९७० साली लेविन अहवालाने या कामासाठी प्रशिक्षित साहाय्यकांचा वर्ग असावा, अशी शिफारस केली. २००४ साली त्यांची कायदेशीर नोंदणी सुरू झाली. संघटनेपासून नोंदणीपर्यंत एकोणसाठ वर्षे लागली! वेतनवाढ मागणे त्या मानाने सोपे असते. नोंदणी मागणे म्हणजे आपल्या कामाचा जाब देण्यास आपण होऊन उभे राहणे. कारण ज्या यादीत नाव चढते, तिच्यातून ते कमीही करता येते.

या नावाचा रोग्यास काय उपयोग? आठ शहरांत, त्यांत लंडन व नवी दिल्लीही होती, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर ताडून पाहावयाची एक यादी वापरून पाहण्यात आली. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हा तिचा एक भाग. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले होते. उलट कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांच्या पाहणीत, २०१४ साली, असा लक्षणीय फरक आढळला नाही. आमच्या मते यातून एक बोध घ्यावा. कागदावर खुणा केल्याने भागत नाही. बोलणाऱ्याचे ऐकले गेले पाहिजे. ज्याचे शिक्षण मान्य नाही, त्याने 'थांबा, एक तुकडा कमी भरतो' असे म्हणावे कोणत्या बळावर?

आपल्याकडे २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवकांसाठी कायदा केला; त्यात शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञही येतात. कायद्याने वाट दाखविली, चालावयाचे आपणांस आहे. मेजावर निजलेला माणूस स्वतः काही विचारू शकत नाही. म्हणून आपल्या गावच्या रुग्णालयात हे काम कोण करतो, त्यास शिकविले आहे काय, हे आपण शुद्धीवर असतानाच विचारावे.